चांदीचा चेंडू आणि नागपूरचा कागद

आमच्या घरात पाण्याच्या घागरी चार आणि फुटबॉलची ब्लॅडरं चाळीस, असं माय म्हणायची. आकड्यात ती थोडी फेकत असेल, पण खोटं बोलत नव्हती. पुसदच्या बाजारपेठेच्या तोंडाशी आमचं घर. पुढच्या खोलीत बाबांचं सायकलीचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. सायकली तर यायच्याच, पण दहा-वीस कोसांवरून फुटबॉलही यायचे. कातडी उसवलेले, हवा गेलेले, कुठे बैलाने पाय दिलेले. बाबा चेंडूची नाडी सोडून आतलं ब्लॅडर बाहेर काढायचे, पाण्याच्या घमेल्यात दाबायचे आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहायचे. मग सोल्युशन, ठिगळ, वर सुकायला फुंकर. सकाळी मला जाग यायची ती दोन आवाजांनी. एक मायच्या हाताखाली थापल्या जाणाऱ्या ज्वारीच्या भाकरीचा, दुसरा बाबांच्या पंपाचा. कधीकधी दोघांची लय जुळायची आणि मग माय मुद्दाम हात थांबवायची, कारण नवऱ्याच्या तालावर नाचायचं नाही असा तिचा बाणा होता. सोल्युशनचा वास आमच्या भाकरीलाही यायचा. पाहुण्यांना तो जाणवे, आम्हाला नाही.

बाबांना गावात दोन नावं होती. दुकानात बसले की दौलत मिस्त्री आणि पूस नदीच्या काठच्या मैदानावर उभे राहिले की दौलत उस्ताद. आमच्या संघात शिंप्याची पोरं, मोटार दुरुस्त करणारा सलीम, तांड्यावरून चालत येणारे दोन भाऊ, कापसाच्या अडत्याचा मुलगा, असे सगळे. बूट दोघातिघांकडेच होते, बाकीचे अनवाणी. बाबा आम्हाला नदीच्या वाळूत पळवायचे, कारण वाळूत जो पळतो तो मातीवर उडतो, असं त्यांचं शास्त्र. मी डाव्या कडेला खेळायचो. माझा डावा पाय चांगला होता. आता इतक्या वर्षांनी हे सांगायला मला लाज वाटत नाही, खूप चांगला होता. कडेवरून पळता पळता पायाच्या बाहेरच्या अंगाने चेंडू असा ओढून मारायचो, की तो गोलच्या समोर जाऊन वळायचा. लोक शिट्ट्या मारायचे. बाबांनी मात्र एकदाही शाब्बास म्हटलं नाही. फार झालं तर म्हणायचे, "उजवा पाय कायले ठेवला बे? शोभेले?"

हे चांदीच्या चेंडूचं खूळ आणलं कादर मास्तरांनी. ते शाळेत कवायत शिकवायचे आणि त्यांच्याकडे कुठून कुठून जुनी इंग्रजी मासिकं यायची. एक दिवस दुकानात बसून त्यांनी आम्हाला वाचून, मराठीत फोडून सांगितलं. तिकडे युरोपात एका मासिकाने म्हणे दरवर्षी सगळ्यांत भारी खेळाडू निवडायचं ठरवलंय. देशोदेशीचे बातमीदार आपापली नावं क्रमाने लिहून पाठवतात, पहिल्या नावाला जास्त गुण, मग उतरत उतरत. ज्याचे गुण जास्त, त्याला सोन्याचा चेंडू. आम्ही आ वासून ऐकत होतो. पहिल्या वर्षी तो कोणाला मिळाला, तर कडेवर खेळणाऱ्या एका इंग्रजाला, आणि त्याने चाळिशी उलटलेली! सलीम म्हणाला, "मास्तर, छापाले चुकले असतीन." बाबा चाकाच्या तारा आवळत होते. त्यांनी पाना खाली ठेवला आणि मास्तरांना ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मास्तरांनी वाचलं. बाबांनी पाना उचलला.

परवाच माझ्या नातवाने टीव्हीवर असलाच एक सोहळा लावला होता. जगातला उत्तम खेळाडू कोण, उत्तम प्रशिक्षक कोण, काळे कोट घातलेले तरणेबांड लोक, पाकीट फोडून नाव वाचणारी बाई. ज्यांची नावं निघाली नाहीत तेही हसून टाळ्या वाजवत होते. नातू म्हणाला, "आजोबा, किती मोठं मन असतं ना यांचं!" मी म्हटलं, "थांब, कॅमेरा तिकडून हलू दे." त्याला काही कळलं नाही आणि मीही पुढे बोललो नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

आमची टूर्नामेंट कापूस घरात आला की व्हायची. पुसद, दिग्रस, आर्णी, दारव्हा आणि कळंब, असे पाच संघ, आठ दिवसांचा खेळ. त्या वर्षी मास्तरांनी जाहीर केलं, की शेवटच्या दिवशी आपणही वर्षाचा सर्वांत उत्तम खेळाडू निवडू. सोनं आपल्या बापाच्याने होणार नाही, तेव्हा चांदीचा चेंडू. सोनाराने तो सुपारीएवढा घडवून दिला, वर फुटबॉलच्या शिवणी कोरल्या आणि लाल फितीत ओवला. पद्धत थेट युरोपातली. प्रत्येक गावाचा एक जाणता माणूस चिठ्ठीवर तीन नावं क्रमाने लिहील. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. पण टूर्नामेंटच्या तिसऱ्या दिवशी नागपूरच्या एका कापडगिरणीचे साहेब आले. गिरणीचा स्वतःचा संघ होता आणि त्यात एका माणसाची जागा रिकामी झाली होती. खेळणाऱ्याला गिरणीत नोकरी, राहायला खोली, पायात बूट. साहेबांनी दोन सामने पाहिले, मास्तरांची निवडीची पद्धत ऐकली आणि ती त्यांना फारच पसंत पडली. त्यांना परतायची घाई होती. त्यांनी एका कागदावर हुकूम लिहिला, सही केली, नावाची जागा कोरी ठेवली आणि कागद मास्तरांच्या हाती दिला. "ज्याला तुमचा चांदीचा चेंडू मिळेल त्याचं नाव घाला आणि पाठवा. जागा एकच आहे."

त्या कागदावर माझंच नाव पडणार असं गावात सगळे धरून चालले होते. मी तर मनात नागपूरला जाऊन राहिलोही होतो. मी एकोणीस वर्षांचा होतो, सायकलीच्या दुकानात हात काळे करून घ्यायचो, आणि मला त्या दुकानातून बाहेर पडायचं होतं. बस, एवढंच. मायने माझ्यासाठी सातूचं पीठ दळून ठेवलं होतं.

आता दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं. दिग्रसविरुद्धच्या सामन्यात सलीमचा घोटा मुरगळला आणि राखीव पोरगा कापसाची गाडी घेऊन बाजाराला गेलेला. तेव्हा बाबा धोतराचा काचा मारून मैदानात उतरले आणि अर्धा सामना खेळले. वाईट खेळले नाहीत. दमले, पण जागा सोडली नाही. मास्तर नियमाचे पक्के, त्यांनी वहीत खेळाडू म्हणून बाबांचं नाव लिहिलं. ही झाली एक गोष्ट. दुसरी म्हणजे बाहेरगावचे ते चार जाणते आठही दिवस आमच्याकडे जेवत होते. झुणका-भाकर, अंबाडीची भाजी, हिरव्या तुरीच्या सोल्यांची आमटी, शेवटच्या रात्रीसाठी गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांगी. त्यांचे चेंडू बाबांनी शिवून दिले होते, एकाच्या चपलेचा अंगठाही.

शेवटच्या दिवशी दुपारी मैदानात मांडव घातला. आम्ही जिंकलो होतो, अंतिम सामन्यातले दोन्ही गोल माझ्या डाव्या पायाचे. मास्तरांनी टेबलावर शाळेची पाटी उभी केली आणि चिठ्ठ्या उघडायला घेतल्या.

"कळंब. पयलं नाव, दौलत मिस्त्री."

लोक हसले. मीही हसलो. पाहुण्यांनी यजमानाचा मान राखला, झालं. दुसरं नाव माझं होतं, वसंता.

"आर्णी. पयलं नाव, दौलत मिस्त्री. दुसरं, वसंता."

हसणं कमी झालं. दारव्ह्याची चिठ्ठी उघडली तेव्हा कोणीच हसलं नाही. दिग्रसची उघडली, आणि मास्तरांनी नाव वाचायच्या आधीच मला कळलं. चारही चिठ्ठ्यांवर पहिले बाबा, दुसरा मी. पाचवी चिठ्ठी पुसदची, म्हणजे मास्तरांची स्वतःची, तिच्यावर पहिला मी आणि बाबांचं नावच नाही. पाटीवर खडूने बेरीज झाली. दौलत मिस्त्री बारा, वसंता अकरा. मी ती बेरीज चार वेळा केली. इतकी सोपी बेरीज मला आयुष्यात कधी इतकी अवघड गेली नाही.

कळंबचे सखारामजी ताडकन उभे राहिले. वयस्कर माणूस, तोंडावर घाम. "मास्तर, म्या तं मान म्हून लेहलं! ज्याच्या घरी आठ रोज जेवलो, त्याचं नाव पयले घ्या लागते का नाही? खरं नाव बाकीचे लेहतीन असं वाटलं मले."

"मले बी तसंच वाटलं," दिग्रसचे म्हणाले.

उरलेल्या दोघांनी माना खाली घातल्या. आमच्या भागाची ही रीतच. लग्नात पहिला टिळा यजमानाच्या घरच्या वडीलधाऱ्याला, पंगतीत पहिलं पान त्याचं. तहसीलदाराकडे अर्ज द्यायचा असला तरी पहिली सही गावातल्या थोर माणसाची, मग त्याला त्यातलं ओ की ठो कळत नसलं तरी चालतं. मोजायचं ते दुसऱ्या नावापासून, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. युरोपातल्या मासिकाला हे कोण सांगणार! आणि मास्तरांना तरी हे आधी का सुचू नये? पण त्यांनाही माझ्यासारखंच वाटत होतं, की निकाल तर ठरलेलाच आहे.

"अरे भाऊ, ही काय पंगत होती का?" मास्तर कपाळावर हात मारून म्हणाले. मग त्यांनी तो नागपूरचा कागद काढला, टाक दौतीत बुडवला आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं. "दौलतभाऊ, चौघंबी म्हनून राह्यले का चूक झाली. तुमी एक शब्द बोला, म्हंजे मी वसंताचं नाव घालतो."

सगळा मांडव बाबांकडे पाहू लागला. कोणाच्या मनात शंका नव्हती, माझ्याही नाही. मी तर पुढे होऊन त्यांच्या पाया पडायच्या तयारीत होतो.

"नाव कोनाचं निघालं, मास्तर?" बाबांनी विचारलं.

"निघालं तुमचं. पन..."

"मंग माहंच लेहा."

मला वाटलं, मस्करी करताहेत. मग आठवलं, की बाबा मस्करी करत नाहीत. मास्तरांच्या टाकाची शाई टेबलावर टपकली.

"दौलतभाऊ, नुसता बिल्ला नाही हा. नागपूरचा कागद हाये."

"मले मालूम हाये."

"पन तुमचं वय..."

"तिकडच्या त्या गोऱ्याचं वय तुमीच वाचून दाखोलं होतं ना? दोनदा."

मास्तरांनी नाव लिहिलं. बाबांनी पुढे होऊन चांदीचा चेंडू स्वतःच्या हाताने गळ्यात घातला, कारण घालायला कोणी पुढे आलंच नाही. कोणी टाळी वाजवली नाही. सलीमने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी तो झिडकारला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

घरी रोडगे तसेच पडून होते. पाहुणे तोंड लपवून निघून गेले होते. मायने बाबांना वाढलं आणि ती ताटासमोर उभी राहिली. ती नवऱ्याशी वाकड्यात शिरणारी बाई होती, पण ओरडणारी नव्हती. हलक्या आवाजात म्हणाली, "पोराच्या तोंडातला घास घेतला तुमी."

बाबांनी रोडगा फोडला, तूप घातलं आणि तसाच ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मी तुह्याएवढा होतो तवा मले बी नागपूरले बलावलं होतं. तुह्या आज्यानं दुकानाची किल्ली हाती देल्ली अन् म्हने, पाय कायले लागतात, चाकं हायेत." बोटाचं तूप त्यांनी धोतराला पुसलं. "तुह्यापाशी अजून लय वर्सं हायेत, वसंता. माह्यापाशी एवढाच एक कागद हाये."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. माझ्या बापाला कधी कुठे जायचं होतं, हे मला एकोणीस वर्षं ठाऊक नव्हतं. पण त्यामुळे मला त्यांची दया आली असं कोणी समजू नये. मला संतापाने रडू आलं. मी म्हणालो, "मंग मले शिकोलं कायले?" आणि मी ताट ढकलून उठलो.

चौथ्या दिवशी सकाळी ते मोटारीने गेले. पत्र्याची पेटी, घोंगडी आणि मायने माझ्यासाठी दळलेलं सातूचं पीठ. ते तिने बाबांनाच बांधून दिलं, बायकांचं असंच असतं. निघताना बाबा मला म्हणाले, "दुकान पाहजो. पंपाचं वायसर गेलं, बदलून घेजो." किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली नाही, खुंटीला लावून गेले. एवढं भान त्यांना होतं.

ते आठवड्यात परत येणार यावर गावात कोणाचं दुमत नव्हतं. मी तर त्यांच्या फजितीची वाट पाहत होतो, हे कबूल करतो. पण मास्तरांच्या नागपूरच्या नातेवाइकाचं कार्ड आलं. पहिल्या दिवशी बाबा मैदानावर पाव तास टिकले, पोरं पोट धरून हसली. मग बाबांनी कोपऱ्यातला एक पोकळ वाजणारा चेंडू गालाला लावून तो कुठे गळतो ते सांगितलं आणि एका पोराचा घोटा धरून तो कसा ठेवायचा ते दाखवलं. साहेब पाहत होते. त्यांनी बाबांना खेळाडू म्हणून नाही, तर पोरांना शिकवायला ठेवून घेतलं. मास्तरांनी कार्ड वाचलं आणि मी त्या वेळी कोणाच्या तरी सायकलची चेन इतकी आवळली की ती तुटली.

पुढच्या वर्षी मास्तरांनी नियम बदलला आणि चांदीचा चेंडू मला मिळाला. पण त्याच्यासोबत कागद नव्हता. मी दुकान चालवलं, चांगलं चालवलं. बाबा पोळ्याला यायचे, दिवाळीला यायचे. मायने त्यांना माफ केलं, कधी ते कळलं नाही. मी त्यांना 'जेवता का' आणि 'निघता का' यापलीकडे काही विचारत नसे. ते आले की आपसूक पंपापाशी बसायचे आणि मी उठून बाहेर जायचो. अशी पाच-सहा वर्षं गेली.

मग एकदा सुटे भाग आणायला मला नागपूरला जावं लागलं. काम दुपारीच आटोपलं. जायचं नाही, जायचं नाही असं म्हणत मी गिरणीच्या मैदानावर जाऊन पोचलो. खरं सांगायचं तर भांडायलाच गेलो होतो. इतक्या वर्षांत जे पोटात साठलं होतं ते त्यांच्या पोरांसमोर बोलून टाकायचं, असं बाजारातून चालत येताना मी ठरवलं होतं. वाक्यंसुद्धा जुळवली होती. बाबा गोलच्या खांबापाशी उभे होते, केस पांढरे, हातात चेंडू. त्यांनी मला पाहिलं आणि ते जागचे हलले नाहीत.

विशी ओलांडलेला एक उंच विणकर माझ्याकडे आला. "कोन पाह्यजे?" मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्याचे डोळे मोठे झाले.

"म्हंजे तुमी उस्तादाचे वसंतभाऊ? अबे, या रे, वसंतभाऊ आले!" त्याने बाकीच्यांना हाक मारली. दहा-बारा जण भोवती गोळा झाले आणि हा उंच माणूस वाकून चक्क माझ्या पाया पडला. मी मागे सरकलो. मला काही उमजेना.

तो म्हणाला, "उस्ताद हरेक नव्या मानसाले पयल्या दिवशी तुमचीच गोष्ट सांगते. चेंडूले पाय लावू देत नाही त्याच्या आंधी. म्हनते, आमच्या गावात निवड झाली, चांदीचा चेंडू माह्या पोराचा होता, हा नागपूरचा कागद बी त्याचाच. पन पोरगा म्हने, बाबा, तुमची उमर चालली, तुमी जा, मी दुकान पाहतो. म्हनते, असा पाय म्या पाह्यला नाही अन् असा पोरगा बी नाही."

मांडवातला तो दिवस मला वाटलं होतं आयुष्यातला सगळ्यांत मोठा धक्का आहे. तो काहीच नव्हता. जो माणूस मला कधी शाब्बास म्हणाला नाही, तो इतकी वर्षं परक्यांसमोर माझं गुणगान गात होता, आणि तेही धादांत खोटं! मी बाबांकडे पाहिलं. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांची मान वर होत नव्हती. चेंडूच्या शिवणीवरून त्यांचा अंगठा नुसता फिरत होता, जिथे काही उसवलेलं नव्हतं तिथेही. मी तोंड उघडलं तर इथे त्यांना उभं राहायला जागा उरणार नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

"खरं हाये ना, भाऊ?" विणकराने विचारलं. "कागद तुमीच देल्ला ना?"

"खरं हाये," मी म्हणालो. "मीच देल्ला."

बाबांनी चेंडू खाली ठेवला आणि ते पोरांवर खेकसले, की उभे काय राहिलात, रांगेत चला.